ललिताच्या लग्नाचा चौक

ललिताचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, पाहुण्यांनी चहा घेतला आणि टेंपोत बसून ते नेरळकडे निघून गेले. त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून कोंडी परत आली ती थेट मोरीत शिरली आणि नळ सोडून बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. पोरीचं चांगलं झालं याचा आनंद होताच. सुनील नेरळहून माथेरानच्या घाटात टॅक्सी चालवायचा. हसतमुख होता, दारूला शिवत नव्हता आणि मुख्य म्हणजे ललितानं स्वतः पसंत केलेला होता. आनंदात उणं काढायला जागा नव्हती. पण लग्न म्हटलं की चौक आला, आणि चौकाचं नाव निघालं की कोंडी विषय बदलायची.

चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र. हळदीच्या आदल्या दिवशी पुढल्या खोलीची भिंत गेरूनं लाल करायची, भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटून त्याचं पांढरं पाणी करायचं, आणि बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्यानं चित्र काढायचं. मधोमध देवीची चौकट. तिच्या भोवती नवरानवरी, वरात, फेर धरून नाचणारी माणसं, झाडं, पाखरं आणि वर डोंगर, डोंगरात वाडी. करवंदवाडीची रीत अशी की चौक दोन सवाष्णींनी काढायचा. एकीनं डावीकडून सुरू करायचं, दुसरीनं उजवीकडून, आणि देवीच्या चौकटीपाशी दोघींनी एकमेकींना भेटायचं.

वाडीत कुणाचंही लग्न असलं तरी त्या दोघी ठरलेल्या असत. डावीकडे कोंडी आणि उजवीकडे तिची जाऊ सुंदरा. कोंडीच्या हातात माणसं होती. तिनं काडी टेकवली की माणूस चालायला लागायचा, बाईच्या डोक्यावरचा हंडा डुचमळायचा. सुंदराच्या हातात डोंगर होता. वरच्या सुळक्यापासून पायथ्यापर्यंत ती एका दमात रेघ ओढायची आणि मग त्या उतारावर एकेक घर अलगद ठेवायची. कोंडी वरात काढते आणि सुंदरा तिला घरी पोचवते, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. ललिता ही सुंदराची मुलगी. ती लहान असतानाच बाप कामाला म्हणून बाहेर गेला तो परतलाच नाही. सुंदराचं कुंकू राहिलं, पण शेजारशेजारच्या दोन्ही घरांची चूल एकच झाली आणि पोर दोघींच्या हाताखाली वाढली. कोंडीला स्वतःला मूल झालं नाही. तिला ते कधी फारसं जाणवलं नाही, कारण ललिता होती.

दोन पावसाळ्यांमागे, आषाढातल्या एका रात्री, भिवा डोंगराची एक कूस सुटली आणि करवंदवाडीवर आली. कोंडी त्या रात्री लोधिवलीला बहिणीकडे होती. भाचीचं बाळंतपण होतं. ललिता खोपोलीला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती आणि मैत्रिणीबरोबर तिथंच खोली घेऊन राहत होती. बातमी कळल्यावर कोंडी भर पावसात डोंगर चढून आली. पायवाट जिथल्या तिथं होती, पण ती जिथं पोचायची ते ठिकाण नव्हतं. यंत्रं वर चढू शकत नव्हती, म्हणून माणसांनी फावड्यांनी आणि हातांनी उकरलं. सुंदरा सापडली. कोंडीचा नवरा विलास सापडला नाही. असे न सापडलेले बरेच होते. शेवटी उरलेल्या माणसांनीच एकत्र बसून सांगितलं की आता उकरू नका, आत आहेत त्यांना तिथंच निजू द्या.

मग खाली, रस्त्याजवळच्या माळावर नवी वाडी झाली. आधी पत्र्याची घरं, नंतर पक्की. पांढऱ्या भिंती, फरशी, नळ, पंखा. देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं आणि कोंडी त्यांना नावं ठेवणारी नव्हती. ती रोपवाटिकेत कामाला जायची, भाजीपाला पिकवायची, शेजारणींबरोबर हसूबोलूही लागली होती. फक्त तिनं त्या दिवसापासून तांदळाच्या पाण्यात हात घातला नव्हता.

एकदाच प्रयत्न केला होता. कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या तेजश्रीबाई गेल्या वर्षी वाडीत आल्या होत्या. कोंडीचा हात किती चांगला आहे हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. सोबत त्यांनी मोठं गेरूच्या रंगाचं कापड आणलं होतं.

"एवढं सगळं घडलं," त्या म्हणाल्या, "बाहेरच्यांनी फोटो काढले, बातम्या दिल्या. पण जे राहत होते त्यांच्या हातून ते कुणी काढलंच नाही. ती रात्र तुम्ही काढाल का, कोंडीताई? मी ते प्रदर्शनात ठेवीन, तुमच्या नावानं."

बाईंचा हेतू खोटा नव्हता आणि कोंडीलाही वाटलं की बघावं. दुसऱ्या दिवशी ती कापड पसरून बसली. डोंगराचा माथा काढला. तिथून रेघ खाली आणायची होती, आणि तिथंच तिचा हात थांबला. ती रेघ खाली आणायची म्हणजे कुणाच्या तरी अंगावर आणावी लागणार होती. आधी कुणावर? सुंदरावर, की विलासवर, की शेजारच्या हिरूच्या नातवावर? काडीवरचं पांढरं वाळून गेलं. कोंडीनं कापडाची घडी घातली आणि बाई आल्यावर परत दिली. तेजश्रीबाईंनी घडी उघडून पाहिली, त्यावरचा एकुलता माथा पाहिला आणि म्हणाल्या, "मी मागायला नको होतं." त्यानंतरही त्या अधूनमधून यायच्या, चहा घ्यायच्या, पोरांना रंग द्यायच्या, पण चित्राचा विषय त्यांनी काढला नाही.

सुपारीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी भाकऱ्या थापता थापता ललितानं विचारलं, "काकी, चौकाचं कसं करायचं?"

कोंडीचं उत्तर तयार होतं. "चौकाला सवाशीन लागती गं. मी कुठं सवाशीन राह्यले?"

ललितानं तव्यावरची भाकरी उलटली. ती वाद घालणारी पोर नव्हती, आणि तेच कोंडीला जास्त लागायचं. दोन दिवसांनी तिनं मोबाइल पुढे धरला. सुनीलनं फोटो पाठवला होता. नेरळच्या एका दुकानात लग्नाचा चौक फ्लेक्सवर छापून मिळत होता. लाल रंगावर पांढरी माणसं, खाली नवरानवरीची नावं, बाजूला गुलाबाची फुलं. भिंतीवर चिकटवला की काम झालं.

"तू म्हनशील तसं, काकी," ललिता म्हणाली. "सुनील म्हनतो, तुला तरास नको."

"चांगला हाय की," कोंडी म्हणाली आणि भाजी नीट करायला बसली. फ्लेक्स वाईट नव्हताही. पण त्या दिवशी तिच्या हातची भाजी करपली.

ही गोष्ट पोशाच्या कानावर गेली. पोशा वाडीतला सगळ्यात जाणता म्हातारा. सोयरीक, वाटणी, भांडण, काहीही असलं की लोक त्याच्याकडे जायचे, आणि कुणी गेलं नाही तर तो स्वतः यायचा. तसा तो संध्याकाळी काठी टेकत आला आणि कोंडीच्या पायरीवर बसला.

"फ्लेक लावणार म्हनं."

"काय करू, पोशादादा? रीतीला धरून दोन सवाशिनी पायजेत."

"त्या रातीनं वाडीत सवाशिनी ठेवल्या किती? आनि ज्या राह्यल्या त्यांना काडी धरता येती का?" पोशानं तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. "रीत मानसांनी केली, कोंडे. मानसांसाठी केली. आमी बसलो होतो सगळी. आमी ठरवलं, चौक तूच काढायचा."

"देवी कोपली तर?"

"आनखी काय कोपायची राह्यलीय?"

इतके दिवस ज्या कुडाच्या आड कोंडी उभी होती तो कूड म्हाताऱ्यानं एका वाक्यात उचलून बाजूला ठेवला. मग तिला खरं ते सांगावं लागलं.

"पोशादादा, मला डोंगर काढता येणार नाय."

"मग नको काढू."

कोंडीनं मान वर केली.

"कोनी सांगितलं काढच म्हनून?" पोशा म्हणाला. "नवरी काढ, नवरा काढ, देवी काढ. डोंगर नसला म्हनून लगीन मोडत नाय."

तो उठून गेला आणि त्याची पाठ वळते न वळते तोच हिरू म्हातारी आली. ती शेजारीच राहायची आणि भिंतीपलीकडचं बोलणं ऐकणं हा आपला हक्क समजायची. हिरूचा मुलगा आणि नातू स्वराज दोघंही त्या रात्री गेले होते. सून माहेरी निघून गेली होती. म्हातारीची जीभ मात्र जशीच्या तशी शाबूत होती.

"ऐकलं मी," ती दारातूनच म्हणाली. "तू चौक काढ, माझी ना नाय. पर त्या मुडद्या डोंगराला लग्नघरात आनलास तर मी हळदीला पाय ठेवायची नाय. आधीच सांगून ठेवते."

"नाय आनत, मावशे," कोंडी म्हणाली. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली. ज्याची भीती होती तेच सगळ्यांनी माफ केलं होतं.

फक्त ललितानं सकाळी केस विंचरता विंचरता म्हटलं, "डोंगर नसला तर आईची बाजू मोकळी राहील."

"ऱ्हाऊ दे मोकळी," कोंडी म्हणाली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळपासून घरात गर्दी झाली. दाराशी मांडव पडला, जांभळीच्या फांद्या आल्या. तेजश्रीबाई शाळेला सुट्टी होती म्हणून कर्जतच्या बाजारातून गेरू घेऊन स्कूटीवरून आल्या. भिंतीनं मात्र सगळ्यांना नाचवलं. जुन्या घराची कुडाची भिंत शेणगेरू लावताच पिऊन टाकायची. ही सरकारी भिंत गुळगुळीत होती, तेलकट रंगाची. गेरू लावला की ओघळून खाली फरशीवर यायचा. एकीनं काथ्यानं भिंत घासली, दुसरीनं शेण जास्त घातलं, तिसरीनं डिंक घालायला सांगितलं. पंखा लावून वाळवावं असं तेजश्रीबाईंनी सुचवलं आणि पंख्यानं सगळ्यांच्या अंगावर लाल ठिपके उडवले. दुपारी कशीबशी भिंत लाल झाली, थोडी डागाळलेली, पण धरून राहिलेली.

कोंडीनं पदर खोचला आणि तांदळाच्या पाण्यात काडी बुडवली. बाया गाणं म्हणायला लागल्या. पहिला माणूस वाकडाच आला. त्याचा एक पाय आखूड झाला. दुसराही काही बरा नव्हता. तिसऱ्यानंतर मनगट सुटं झालं. मग ती मागं न बघता काढत गेली. ढोलवाला आला, त्याच्या पाठीमागं हातात हात घेतलेल्यांचा फेर आला, डोक्यावर शिदोरी घेतलेल्या बाया आल्या, नवरा आला, मुंडावळ्या बांधलेली नवरी आली. सुनीलला टॅक्सी काढा असं कुणीतरी म्हणालं. कोंडीनं खरंच वरातीच्या पुढे एक गाडी काढली आणि तिच्या छपरावर कोंबडा बसवला. ऊन कलायला लागलं तेव्हा ती देवीच्या चौकटीपाशी पोचली. चौकट काढून झाली. डावी अर्धी भिंत गजबजून गेली होती. उजवी अर्धी नुसती लाल होती.

कोंडीनं काडी खाली ठेवली. "झालं," ती म्हणाली. बायांनीही गाणं थांबवलं. चौक चांगला झाला होता, आणि तरी खोलीत एखादं माणूस यायचं राहिल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात हिरू आली. तिला खात्री करायची होती. डोळ्यांवर हात धरून तिनं भिंत डावीकडून बघायला सुरुवात केली. फेर बघितला, गाडीवरचा कोंबडा बघितला, नवरीपाशी थांबली आणि पुढे सरकत देवीच्या पलीकडे आली. तिथं तिची नजर जरा वेळ इकडेतिकडे फिरली. मग ती भिंतीसमोर फरशीवर बसली.

"ही वरात चाललीय कुठं?"

"कुठं म्हंजे? घरी," कोंडी म्हणाली.

"घर कुठं हाय?"

कोंडीनं मोकळ्या लाल भिंतीकडे बघितलं.

"आपल्या चौकात वरात घरी जायाची," हिरू म्हणाली. "ही तर नुसती चाललीय. रातभर चालली तरी पोचायची नाय."

"तूच म्हनलीस ना मावशे, डोंगर नको म्हनून."

"डोंगर नको म्हनले. घर नको असं कधी म्हनले मी?"

बायांमधून कुणीतरी हूं केलं. कोंडीनं काडी पुन्हा उचलली, पण ती जागची हलली नाही. उजवी बाजू सुंदराची होती. तिकडे तिनं आयुष्यात कधी काडी टेकवली नव्हती. ललिता तांदळाच्या पाण्याची वाटी घेऊन उठली आणि उजवीकडे जाऊन उभी राहिली. एवढंच केलं तिनं. कोंडी तिच्या मागोमाग गेली.

"कुनाचं घर काढू आधी?"

"माझं काढ," हिरू म्हणाली.

कोंडीनं हाताच्या उंचीवर एक घर काढलं.

"माझं आनखी वर. तुमच्या घरावरून वर यायाचं, मंग चिंच, मंग माझं."

मग कोंडीला आधी आपलं आणि सुंदराचं घर काढावं लागलं, नंतर चिंच आणि तिच्या वर हिरूचं. तोवर ही खबर मांडवात पोचली होती. माणसं आत यायला लागली. वाडीतली आवडी म्हणाली, आमच्या घराला मागं पडवी होती ती राह्यली. पोशा आला आणि त्यानं आपल्या शेळ्यांचा गोठा डाव्या अंगाला होता असं सांगितलं. हिरू म्हणाली, उजव्या, मी रोज वास घेत होते. दोघांची जुंपली. शेवटी कोंडीनं दोन्ही बाजूंना गोठा काढला आणि पोशाला म्हणाली, "घ्या, शेळ्या वाढल्या तुमच्या." लोक हसले. एकेक करून सगळी घरं भिंतीवर आली. ज्या घरांतलं कुणीच उरलं नव्हतं त्या घरांच्याही जागा लोकांनी सांगितल्या, दार कोणीकडे होतं तेसुद्धा.

मग ललिताला हसू फुटलं. "काकी, बघ तरी, फुगेवाल्याच्या फुग्यांसारखी दिसतात."

खरंच तसं झालं होतं. सगळी घरं लाल भिंतीवर अधांतरी तरंगत होती, एक इथं, एक तिथं. पोरं खिदळायला लागली. मोठी माणसंही हसली.

"अशी कशी लटकली?" हिरू म्हणाली. "पडतील की खाली."

शब्द तोंडातून गेला आणि पोरांचं खिदळणंही थांबलं. बाहेर मांडवात कुणीतरी खिळा ठोकत होतं. कोंडीनं हिरूकडे पाहिलं. म्हातारीचे ओठ हलत होते. ती गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं हात पुढे केला.

"दे हिकडं."

"मावशे..."

"दे म्हनते ना. तुझ्या सासूच्या चौकाला मी बसले होते. तवा तू जन्मली नव्हतीस."

तिनं काडी बुडवली. हात थरथरत होता. टाचा उंचावून, सगळ्यात वरच्या घराच्या वरून, तिनं रेघ काढायला घेतली. सुंदराची रेघ एका दमात यायची. ही अडखळत आली, दगडधोंड्यांवरून उतरणाऱ्या पाण्यासारखी. हिरूच्या स्वतःच्या घराखालून गेली. चिंचेच्या बुंध्याला टेकली. सुंदराच्या घराखाली आली, कोंडीच्या घराखाली आली, पोशाच्या दोन गोठ्यांखालून वळसा घेऊन पायथ्याशी, वरातीच्या वाटेला मिळाली.

कोंडी बघत होती. गेल्या वर्षी ज्या रेघेनं तिचा हात धरून ठेवला होता तीच रेघ तिच्यासमोर वरून खाली आली होती, आणि कुणाच्याही अंगावर आली नव्हती. प्रत्येक घराच्या पायाखाली जाऊन बसली होती. कोंडीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. हात तांदळाच्या पाण्यानं भरलेले होते. छातीवरचा एक दगड कुणीतरी उचलल्यासारखं तिला मोकळं वाटत होतं, आणि ती रडत होती ते त्या मोकळेपणानं.

"आता बसली नीट," हिरू म्हणाली आणि काडी परत दिली. मग हळूच, कोंडीलाच ऐकू जाईल असं, तिनं विचारलं, "माझा स्वराज कुठं घेशील?"

"फेरात घेते ना."

"फेरात कुठं?"

"ढोलवाल्याच्या मागं?"

"तिथं नको. ढोल वाजला की कान झाकतो तो."

कोंडीनं विचार केला आणि फेराच्या दुसऱ्या टोकाला, एका उंच माणसाच्या खांद्यावर, दोन्ही हात पसरलेलं लहान पोर बसवलं. हिरूनं जवळ जाऊन बघितलं. "बापाच्या खांद्यावर हाय," ती इतरांना म्हणाली.

मग प्रत्येकानं आपापलं माणूस सांगितलं. कुणाची आई पाण्याला चालली, कुणाचा भाऊ चिंचेवर चढला. चौकातल्या माणसांना चेहरे नसतात. नुसतं डोकं, अंग आणि हातपाय. त्यामुळे फेरात कोण आज मांडवात आहे आणि कोण नाही, हे बघणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. सगळीच नाचत होती. विलासला कोंडीनं सगळ्यांत शेवटी काढलं. तो कुठल्याही लग्नाला वेळेवर पोचला नव्हता, म्हणून तिनं त्याला वाटेवर काढलं, डोक्यावर लाकडाची मोळी, घाईघाईनं वरातीकडे येताना.

"आनि आई?" ललितानं विचारलं.

कोंडीनं सुंदराच्या घरापुढे एक लहानशी बाई काढली. तिचा एक हात भिंतीकडे उचललेला होता आणि हातात काडी होती. ललिता त्या बाईकडे बघत उभी राहिली. मग तिनं काकीच्या खांद्यावर डोकं टेकलं, गेरूनं माखलेल्या लुगड्याची पर्वा न करता.

दिवेलागणीला बायांनी पुन्हा गाणं धरलं, यावेळी पहिल्यापासून.

लग्न चांगलं पार पडलं. ऊन रणरणत होतं, भात थोडा कमी पडला आणि पुन्हा शिजवावा लागला, ढोल फुटला आणि दुसरा मागवावा लागला, पण हे सगळं लग्नात होतंच. सुनीलची आई चौकासमोर बराच वेळ बसली. तिला कुठलं माणूस कोण ते हिरू सांगत होती, मध्येच थांबून डोळे पुसत होती आणि पुढे सांगत होती. सुनीलला त्याची टॅक्सी सापडली तेव्हा त्यानं तिचा फोटो काढून घाटातल्या सगळ्या टॅक्सीवाल्यांना पाठवला. फ्लेक्सचं कुणाला काही आठवलंही नाही.

तेजश्रीबाई आपलं जेवणाचं पान घेऊन कोंडीशेजारी येऊन बसल्या. "मी तुमच्याकडं भलतंच मागितलं होतं," त्या म्हणाल्या.

"भलतं कशाला? तुमी मागितलं म्हनून एकदा बसले तरी मी. नायतर काडी धरली असती का?" कोंडीनं त्यांच्या पानात आणखी भात वाढायला लावला. "जेवा नीट. वाळल्यात तुमी."

ललिता गेली तेव्हा रडणं झालंच. टॅक्सीला फुलं लावलेली होती आणि मागच्या काचेतून ती हात हलवत होती. गाडी रस्त्याला लागली, वळणाआड गेली. कोंडी मांडवात उभी होती आणि तिच्यासमोर, माळाच्या टोकाला, भिवा डोंगर उन्हात स्वच्छ दिसत होता. सुटलेल्या कुशीवर आता गवत वाळून पिवळं पडलं होतं. कोंडी तिकडे बघत राहिली आणि मग मांडवातली भांडी गोळा करायला लागली, कारण भांडी भाड्याची होती आणि संध्याकाळी परत करायची होती.

चार दिवसांनी आवडी दारात आली. तिच्या थोरल्याचं पुढल्या वैशाखात बघत होते. चौकाचं आताच सांगून ठेवावं म्हणून ती आली होती.

"हिरूमावशीला विचारलं का?" कोंडी म्हणाली. "उजवी बाजू तिची हाय आता."

"तिनंच धाडलंय मला," आवडी म्हणाली. "म्हनाली, माझा हात थरथरतो म्हनून डोंगराला दगड जास्त येतात, त्यावर कोनी काय बोलायचं नाय. आनि चहा चांगला पायजे. मागल्या टायमाला साखर कमी होती."

भिंतीपलीकडून हिरूचा खोकला ऐकू आला. कोंडी हसली आणि तिनं आवडीला आत बोलावून बसायला सांगितलं. "सांगून ठेव तिला," ती मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "चौकाला तांदूळ जुनाच पायजे. नवा चिकट ऱ्हातो."